हंडा भरत आला हे न बघता कसं कळतं?

ताई, नळाखाली हंडा लावून तुम्ही आत भाकऱ्या थापायला बसलात तरी तो भरत आल्याचं कानाला कळतंच. घुमणारा जाड आवाज हळूहळू बारीक होत जातो. मग "आमची सातवी झालेली, पोरांना सायन्स काय शिकवणार?" असं बैठकीत का म्हणायचं?

आवाज म्हणजे थरथर. देवघरातली घंटा वाजवा आणि मुलाला तिच्या कडेला हलकं बोट टेकवायला सांगा. बोटाला थरथर लागेल आणि घंटा गप्प होईल. हंड्यात थरथरते ती पाण्यावरची हवा. पाणी चढतं तशी तिची जागा आखूड होते, थरथर वेगाने होते आणि आवाज बारीक होतो. बारीक म्हणजे हळू नव्हे हं, मुलं इथे हटकून गोंधळतात. ढोल जाड, ताशा बारीक. जोरात दोन्ही वाजतात.

आता काचेचे तीन सारखे ग्लास घ्या. एकात थोडं, एकात निम्मं, एकात काठोकाठ पाणी. चमच्याने हलकेच वाजवण्याआधी विचारा, सगळ्यात बारीक कुठला वाजेल? हंडा ऐकलेलं मूल भरलेला ग्लास दाखवेल. निघेल उलटंच! लगेच कारण सांगू नका, दोन दिवस त्याला डोकं चालवू दे. (इथे काच थरथरते. पाण्याचं ओझं वाढलं की ती संथ होते.)

गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर शहाळं प्यायलात की स्ट्रॉ घरी आणून धुवा. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत २०१४ पर्यंत टाकाऊ वस्तूंची खेळणी करत असलेले अरविंद गुप्ता (२०१८ चे पद्मश्री) स्ट्रॉची पिपाणी शिकवतात. एक टोक पेरभर चपटं करा, दोन्ही बाजू तिरक्या कापून चोच काढा, ती ओठांच्या आत धरून जोरात फुंका. पहिल्यांदा नुसती हवाच जाईल, सोडू नका. वाजू लागली की मुलाला फुंकत राहू दे आणि दुसरं टोक तुम्ही कात्रीने थोडं थोडं कापत जा. आवाज चढत जाईल. का, ते मुलालाच विचारा. बहुतेक त्याला हंडा आठवेल.

या खेळात एखादं मूल पाठीमागून दिलेल्या आवाजाला वळतच नाही असं दिसलं, तर "लक्ष नाही" म्हणून ओरडू नका. कानात मळ असेल, कान वाहत असेल. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. पैसे लागत नाहीत.