तूस, टरफल आणि साल

बोरी अरब व दारव्हा तालुक्यातील इतर गावांत सोयाबीनची मळणी झाली म्हणजे खळ्यात दोन ढीग दिसतात. एक दाण्यांचा, दुसरा कुटाराचा. त्यामुळे दाण्याचे आवरण म्हणजे टाकाऊ वस्तू, असा समज सहज होतो. तो पुरता खरा नाही. आवरणाच्या निरनिराळ्या नावांचे अर्थ पाहिल्यास हे ध्यानात येईल.

भाताच्या दाण्यावरील कठीण आवरणास ‘तूस’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘तुष’ यापासून आला. ‘तुषकंडन’, म्हणजे तूस कांडणे, याचा संस्कृतात व्यर्थ श्रम असा अर्थ झाला. मराठीतील ‘फोल’ या शब्दाचेही तसेच आहे. दाणा नसलेले ते फोल, आणि निरर्थक बोलणेही फोल. परंतु हितोपदेशात एकीचे महत्त्व सांगताना, तूस सुटलेला तांदूळ रुजत नाही, असा दाखला दिला आहे. कांडताना तुसाबरोबर दाण्याच्या अंकुराचीही हानी होते, हे त्याचे कारण होय.

‘टरफल’ आणि ‘साल’ यांतील भेद भुईमुगात स्पष्ट दिसतो. शेंगेचे बाहेरील कवच ते टरफल. आतील दाण्यावरचा पातळ, तांबूस पापुद्रा ती साल. म्हणून बियाण्याच्या शेंगा टरफलासह साठवाव्यात व पेरणीच्या थोडे दिवस आधी, साल फाटणार नाही अशा बेताने, हाताने फोडाव्यात.

सोयाबीनच्या शेंगेचे टरफल मळणीत कुटारात जाते. दाण्यावर राहते ती केवळ नाजूक साल. तिच्या लगतच अंकुर असल्याने साल तडकली की उगवणशक्ती घटते आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. याकरिता घरचे बियाणे राखणाऱ्यांनी मळणी यंत्राचे फेरे मिनिटास ४०० पेक्षा अधिक ठेवू नयेत, पोती आपटू नयेत व त्यांची उंच थप्पी लावू नये.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे उगवल्यास बियाणे योग्य समजावे. कमी उगवल्यास पेरणीचे प्रमाण वाढवावे, आणि उगवण फारच कमी असल्यास ते बियाणे वापरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे मार्गदर्शन पेरणीच्या तोंडावर नव्हे, तर मळणीच्या वेळीच खळ्यावर जाऊन करावे. साल तेथेच फुटते, आणि तेथेच ती राखता येते.