तुमच्या मोबाइलचा सीडीआर कोण पाहू शकतं आणि कोण नाही?

वाशीत राहणाऱ्या एका माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. माणूस काल्पनिक, पण दिवस आपल्यापैकी कुणाचाही असू शकतो. सकाळी आठला सेक्टर १७ मधून त्याने गावी आईला फोन केला. साडेआठला लोकल पकडली, खाडी ओलांडून मानखुर्द येईपर्यंत ऑफिसमधून फोन आला. दुपारी कॅन्सरच्या एका हॉस्पिटलला चार मिनिटांचा कॉल आणि लगेच भावाला वीस मिनिटांचा. रात्री अकराला पुन्हा भावालाच.

तो काय बोलला, यातला एक शब्दही आपण ऐकलेला नाही. तरी त्याच्या घरात काय चाललं असेल, याचा अंदाज आला ना?

सीडीआर म्हणजे काय?

सीडीआर म्हणजे कॉल डिटेल रेकॉर्ड. कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला फोन झाला, किती वाजता, किती वेळ, त्या वेळी फोन कोणत्या टॉवरच्या टप्प्यात होता आणि हँडसेटचा आयएमईआय क्रमांक काय, हे सगळं त्यात असतं. संभाषण त्यात नसतं. व्हॉट्सॲप कॉलही त्यात दिसत नाही, पण इंटरनेट वापराची वेगळी नोंद कंपनीकडे असते. तिला आयपीडीआर म्हणतात.

या नोंदी कंपन्या हौसेने ठेवत नाहीत. परवान्याच्या अटीनुसार त्या जपून ठेवाव्याच लागतात. आधी ही मुदत एक वर्ष होती, डिसेंबर २०२१ मध्ये ती दोन वर्षं झाली. म्हणजे तुमची किमान दोन वर्षांची ये-जा आणि ओळखीपाळखी कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.

मग ती बाहेर कशी जाते?

२०१८ च्या सुरुवातीला ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने सीडीआर बेकायदा मिळवून विकण्याचा उद्योग उघडकीस आणला. अटक झालेल्यांमध्ये खासगी गुप्तहेर तर होतेच, पण यवतमाळ पोलिस दलातला एक शिपाईही होता.

त्याआधी २०१३ मध्ये दिल्लीत असाच प्रकार घडला होता. तेव्हा राज्यसभेत विरोधी पक्षनेते असलेल्या अरुण जेटली यांचा सीडीआर मिळवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात दिल्ली पोलिसांच्या एका शिपायाला अटक झाली. अमेरिकेत २००६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड या कंपनीसाठी काम करणाऱ्या तपासनिसांनी दुसऱ्याच्या नावाने बोलून कंपनीचे संचालक आणि पत्रकारांच्या फोनच्या नोंदी काढल्या. त्या गदारोळानंतर तिथे यासाठी वेगळा कायदाच झाला.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. संगणकात घुसणारा कुणी अट्टल हॅकर यातल्या एकाही प्रकरणाच्या केंद्रस्थानी नव्हता. माहितीपर्यंत पोहोचण्याचा जो अधिकृत रस्ता आहे, त्याचाच गैरवापर झाला, किंवा कुणीतरी खोट्या नावाने माहिती मागितली आणि समोरच्याने ती दिली.

सीडीआर मागण्याचा अधिकार कुणाला?

तपासासाठी पोलिस तो मागू शकतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ आहे. जेटली प्रकरणानंतर गृह मंत्रालयाने नियम कडक केले आणि मागणी पोलिस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फतच जावी, असं ठरवलं. न्यायालयही एखाद्या खटल्यात या नोंदी मागवू शकतं.

नवरा, बायको, सासरची मंडळी, ऑफिसचा बॉस, खासगी गुप्तहेर यांच्यापैकी कुणालाही परस्पर तुमचा सीडीआर मिळवण्याचा अधिकार नाही.

कायदा काय म्हणतो?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. दूरसंचार कायदा, २०२३ मधलं कलम ४२ त्याहून थेट बोलतं. कंपनीकडचा डेटा विनापरवाना मिळवणं किंवा तसा नुसता प्रयत्न करणं हाही गुन्हा आहे. सीडीआर आणि ग्राहकाची माहिती या डेटात मोडते, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे.

त्यात ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द आहेत. त्यामुळे संशयापोटी गुप्तहेराला पैसे देऊन जोडीदाराचा सीडीआर काढायला सांगणाऱ्यानेही, आपण नामानिराळे राहू, अशा भ्रमात राहू नये.

आपल्या हातात काय आहे?

कंपनीच्या आतलं दार आपण बंद करू शकत नाही. पण आपल्या बाजूचं दार बऱ्याचदा उघडंच असतं.

• ओटीपी देऊ नका. मोबाइल कंपनीचं ॲप ओटीपीवर उघडतं. तुमचा ओटीपी ज्याच्या हातात, त्याला तुमचं खातं उघडं. घरातल्या ज्येष्ठांना हे आवर्जून सांगा.

• तुमच्या नावावर किती सिम आहेत, ते बघा. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर ही यादी मिळते. अनोळखी नंबर दिसला, तर तो तुमचा नसल्याचं तिथेच कळवता येतं.

• झेरॉक्स देताना विचारा. नव्या सिमसाठीची कागदी केवायसी २०२४ च्या सुरुवातीपासून बंद झाली आहे. दुकानदार तरीही आधारची झेरॉक्स मागत असेल, तर कशासाठी, असं विचारा. कुठे द्यावीच लागली, तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहा.

• रेंज अचानक गेली, तर वाट बघू नका. आजूबाजूच्यांना रेंज आहे आणि तुमच्याच फोनला नाही, तर कुणीतरी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला कळवा. पैसे गेले असतील, तर १९३० वर फोन करा.

• ‘ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल’ असा फोन आला, तर ठेवून द्या. ट्राय कुणाचा नंबर बंद करायला फोन करत नाही.

• जुना नंबर सोडण्याआधी बँक, आधार आणि व्हॉट्सॲपवर नवा नंबर नोंदवा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो.

सीडीआर बाहेर गेल्याचा संशय असेल, तर पोलिस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. नवी मुंबईकरांसाठी पोलिस आयुक्तालय सीबीडी बेलापूरला आहे.

वाशीच्या त्या माणसाने हॉस्पिटलला फोन का केला, हे सांगायचं की नाही, कधी सांगायचं आणि आधी कुणाला सांगायचं, हे त्याने ठरवायचं आहे. त्याच्या आईला ती बातमी त्याच्याच तोंडून कळायला हवी.