टंगस्टन वितळत नाही, चकती सैल होते

बीदर किंवा कलबुर्गीच्या एखाद्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यानं टेस्ला कॉइल करायला घेतली, की लवकरच त्याची गाठ रोटरी स्पार्क गॅपशी पडते. ट्रान्सफॉर्मर कपॅसिटर भरतो, गॅपमध्ये ठिणगी पडते आणि साठलेली ऊर्जा प्रायमरीतून सेकंडरीत चढते. ती चढली की ठिणगी ताबडतोब विझायला हवी, नाही तर ऊर्जा उलटी फिरून गॅपमध्येच जळते. फिरत्या चकतीवरचे इलेक्ट्रोड स्थिर इलेक्ट्रोडसमोरून झपकन निघून जातात, त्यामुळे ठिणगी ताणली जाऊन तुटते. पण टोकं लालबुंद झाली, तर मधली हवा तापलेलीच राहते, ठिणगी रेंगाळते आणि उष्णता आणखी वाढते. टेस्लानंही १८९०च्या दशकात ठिणगी विझवण्यासाठी हवेचा झोत आणि चुंबक वापरले होते. आज यावर पहिला सल्ला मिळतो तो न वितळणारा धातू आणण्याचा. हा सल्ला अर्धाच आहे. टोक किती तापमान सोसतं यापेक्षा, तिथली उष्णता बुडाकडून कुठे जाते याला जास्त महत्त्व आहे.

धातूची निवड बिनमहत्त्वाची आहे, असं मात्र नाही. बीदरच्या बिदरी कामात ओततात तो धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं. हेच जस्त पितळेतही असतं, म्हणून पितळी इलेक्ट्रोडवर ठिणगी पडत राहिली की तांबं वितळण्याआधीच जस्त वाफ होऊन निघून जातं, पांढरा धूर दिसतो आणि टोक खडबडीत होतं. टंगस्टनचा वितळणबिंदू ३,४२२ अंश, त्यामुळे टोकासाठी तेच योग्य. मात्र ते उष्णता वाहून नेतं तांब्याच्या निम्म्याहूनही कमी. टिग वेल्डिंगची बारीक कांडी लांब बाहेर काढून बसवली, तर ती शाबूत राहते, पण मागची उष्णता कोंडते. शिवाय तापलेलं टंगस्टन हवेत ऑक्सिडाइज होऊन झिजतं. म्हणून कांडीचा तुकडा जेमतेम पाच-सहा मिलिमीटर बाहेर ठेवावा आणि बाकीचा जाड तांब्याच्या ठोकळ्यात घट्ट बसवावा. लाल खुणेच्या कांड्यांमध्ये थोरियम असतं, घासताना त्याची किरणोत्सारी धूळ उडते. लँथेनमच्या कांड्या घेतल्या तर ती भीती उरत नाही.

आता चकतीकडे पाहू. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दोन पोलची सिंक्रोनस मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेते. केंद्रापासून नऊ सेंटिमीटरवरचा इलेक्ट्रोड तेव्हा ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं धावतो. त्याचं वजन २० ग्रॅम धरलं, तरी तो बाहेरच्या दिशेनं सुमारे १८ किलो वजनाइतकी ओढ घेतो. ही ओढ पेलते ती चकती, आणि इलेक्ट्रोडची उष्णता बुडाशी उतरते तीही चकतीतच. अ‍ॅक्रिलिक साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं. म्हणजे टंगस्टनला झळही लागलेली नसताना त्याची पकड ढिली होऊ शकते आणि सुटलेला इलेक्ट्रोड गोळीसारखा जातो. चकती फायबरग्लास-इपॉक्सीचीच हवी, आणि तिच्याभोवती जाड कवच हवंच. त्याला पर्याय नाही.

यावर कुणी म्हणेल, पंखा लावला की झालं. पंखा उपयोगी आहेच, तापलेली हवाही तो हटवतो. पण फिरणाऱ्या इलेक्ट्रोडना त्यांच्या वेगामुळे वारा आपोआप मिळतो. खरा भार स्थिर इलेक्ट्रोडवर असतो. चकतीवर आठ इलेक्ट्रोड आणि समोरासमोर दोन स्थिर असतील, तर एका फेऱ्यात जास्तीत जास्त आठ ठिणग्या पडतात. स्थिर इलेक्ट्रोड त्या आठही झेलतात, फिरणारा प्रत्येक फक्त दोन. म्हणून पंख्याचा झोत आणि जाड तांबं, दोन्ही आधी स्थिर जोडीला द्यावेत. दुसरा आक्षेप कलबुर्गीच्या उन्हाळ्याचा. पारा पंचेचाळीसला गेला, तरी शेकडो अंश तापलेल्या टोकाला त्याचं फारसं काही नाही. फटका बसतो मोटरच्या वाइंडिंगला आणि बेअरिंगला. हवा मात्र विरळ होते. बीदर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. उंची आणि मे महिन्याचं ऊन मिळून गॅप किनाऱ्यावरच्या थंड दिवसापेक्षा साधारण १५ टक्के कमी व्होल्टेजला पेटू शकते. तिसरा आक्षेप, आता आयजीबीटीसारखा सेमीकंडक्टर स्विच असताना हे कशाला? पण त्यालाही हीट सिंक लागतोच. चिपपासून हवेपर्यंतची वाट तिथेही विचारात घ्यावीच लागते.

उष्णतेची ही वाट पुरेशी आहे की नाही, हे मोजून कळतं. इथला कपॅसिटर जीव घेऊ शकतो, ठिणगीचा अतिनील प्रकाश डोळ्यांना घातक असतो आणि तयार होणारा ओझोन बंद खोलीत साचतो. त्यामुळे हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच व्हावं. एका खेपेला कॉइल अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालवू नये. वीज तोडावी, चकती पूर्ण थांबू द्यावी, कपॅसिटर अर्थिंग रॉडनं शॉर्ट करावा आणि मगच इन्फ्रारेड थर्मामीटर हातात घ्यावा. चकचकीत तांब्यावर तो खोटं कमी तापमान दाखवतो, म्हणून ठोकळ्यावर आधीच काळ्या मॅट रंगाचा ठिपका द्यावा. मग मोजावं ते ठोकळ्याच्या बुडाशी आणि फिरत्या इलेक्ट्रोडभोवतीच्या चकतीवर. प्रत्येक खेपेला आकडा आधीच्यापेक्षा चढत असेल, तर कांडी अजून आखूड करावी, ठोकळा जाड करावा, नाही तर दोन खेपांमधली विश्रांती वाढवावी.