बारगिराचे गाणे

बेंगळूर शहरातून बल्लारीच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले, की आधी राजवाड्याचे विस्तीर्ण पटांगण लागते आणि पुढे काही मैलांवर हेब्बाळ येते. हेब्बाळला आज गाव म्हणायचे ते केवळ सवयीने. उड्डाणपूल, कचेऱ्यांच्या उंच इमारती आणि विमानतळाकडे धावणारी वाहने यांनी त्याला चहूबाजूंनी वेढले आहे. जुन्या खुणांपैकी तलाव तेवढा ठळकपणे उरला आहे. या हेब्बाळात २०१८ साली गटाराचे खोदकाम चालू असता एक कोरीव शिळा उजेडात आली. ती एक वीरगळ होती. तिच्यावरील जुन्या कन्नड लेखावरून ती गंग घराण्यातील श्रीपुरुष राजाच्या काळातील, म्हणजे इसवी सन ७५० च्या सुमाराची असल्याचे ठरले. रट्टवाडीच्या सैन्याची स्वारी आली असता कित्तय्य नावाचा एक वीर लढता लढता पडला, एवढीच तिची हकीकत. बेंगळूरच्या परिसरातील सर्वांत जुन्या कन्नड लेखांत आज तिची गणना होते.

याच रस्त्यावरील राजवाड्याच्या पटांगणात १७ मार्च २००७ रोजी ‘आयर्न मेडन’ या इंग्रज वाद्यवृंदाचा कार्यक्रम झाला. हजारो तरुण त्यासाठी देशभरातून लोटले होते. हा वृंद १९७५ साली लंडनमध्ये स्थापन झाला, आणि ज्या संगीतप्रकाराला ‘हेवी मेटल’ म्हणतात त्याच्या अग्रणींत त्याची गणना होते. त्याच्या गीतांपैकी ‘द ट्रूपर’ हे १९८३ सालचे गीत त्याच्या चाहत्यांना विशेष प्रिय आहे. बाराशे वर्षांपूर्वीची वीरगळ आणि विजेच्या गिटारीवरचे हे गीत यांचा परस्परांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु या गीताचा अर्थ काय, आणि ते ऐकताना अंगावर रोमांच का उभे राहतात, याची चर्चा त्याच्या चाहत्यांत सुरू झाली, की ती अखेरीस वीरगळीच्या जवळपास येऊन थांबते.

हेवी मेटल हा शब्द ऐकताच अनेकांच्या मनात गोंगाट एवढीच कल्पना उभी राहते. ती अगदीच निराधार आहे असे नव्हे. बर्मिंगहॅमसारख्या कारखान्यांच्या शहरात १९७० च्या सुमारास हे संगीत आकारास आले, आणि कर्कश गिटारी, घणासारखे पडणारे ढोलाचे ठोके व टिपेला जाणारा आवाज ही त्याची लक्षणे ठरली. तथापि या संगीताचे विषय मात्र साध्या प्रेमगीतांचे नसतात. मृत्यू, युद्ध, पुराणकथा, इतिहास यांकडे त्याची ओढ असते. ‘द ट्रूपर’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. वृंदाचा संस्थापक स्टीव्ह हॅरिस याने ते रचले, आणि त्याचा विषय क्रिमियाच्या युद्धातील एक प्रसिद्ध घोडदौड हा आहे.

ती घटना २५ ऑक्टोबर १८५४ ची. बालाक्लाव्हा येथे इंग्रज व रशियन सैन्ये समोरासमोर उभी होती. टेकडीवरील तोफा शत्रू हलवीत आहे असे वाटून इंग्रज सेनापती लॉर्ड रॅग्लन याने त्या अडवण्यासाठी घोडदळाला हुकूम पाठवला. परंतु ज्याच्या हाती तो हुकूम पडला त्या लॉर्ड ल्यूकनला खालून त्या तोफा दिसतच नव्हत्या. हुकूम घेऊन आलेला कॅप्टन नोलन हा पूर्वी मद्रास इलाख्यात पंधराव्या हुसार रिसाल्यात नोकरी केलेला निष्णात स्वार होता. कोणत्या तोफा, असे विचारता त्याने हात फेकून दाखवला तो दरीच्या दिशेने. त्या दरीच्या दुसऱ्या टोकाला रशियनांचा भरभक्कम तोफखाना होता, आणि दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरही तोफा होत्या. सुमारे ६७० स्वार त्या मैलभराहून अधिक लांब दरीत शिरले. नोलन अगदी आरंभीच पडला. पाऊण तासाच्या आतच सारे आटोपले. सुमारे ११० स्वार मेले, दीडशेहून अधिक जखमी झाले, आणि साडेतीनशेहून अधिक घोडी गमावली.

या घटनेवर राजकवी टेनिसन याने त्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात, एक कविता प्रसिद्ध केली आणि तिने ती चूक अजरामर केली. टेनिसनची कविता त्या दौडीकडे दुरून पाहते. तिला दिसतात ते एकत्र दौडणारे शेकडो स्वार. त्यांतील एकाचाही चेहरा तिच्यात दिसत नाही. कारण तिचा विषय व्यक्ती नसून आज्ञापालन हा आहे. हॅरिसचे गीत नेमके येथे वेगळी वाट धरते. ‘ट्रूपर’ म्हणजे घोडदळातील साधा शिपाई. मराठेशाहीच्या भाषेत बोलायचे तर स्वतःचा घोडा असलेला शिलेदार नव्हे, तर सरकारी पागेतील घोड्यावर बसणारा बारगीर. गीत या बारगिराच्या तोंडी आहे. तो समोरच्या शत्रूला उद्देशून बोलतो. आपण दोघेही एकमेकांचा जीव घेणार, हे त्याला ठाऊक आहे. रणशिंग वाजते, घोडा भीतीने घामाघूम होतो, दारूचा वास दरवळतो. शत्रूच्या अगदी निकट पोहोचल्यावर त्याच्यावर गोळी झाडली जाते. शेवटी तो आकाशाकडे पाहत पडून राहतो. अंग बधिर झाले आहे, घसा कोरडा पडला आहे, आणि त्याच्यासाठी अश्रू ढाळणारे तेथे कोणीही नाही. कोणाची चूक, कोणाचा हुकूम, कोणाचा विजय, यांविषयी गीतात चकार शब्द नाही. मरणाऱ्या बारगिराला या गोष्टी कळण्याचा संभवच नव्हता.

आता चालीकडे पाहू. या गीताच्या चाहत्यांपैकी कित्येकांच्या मते त्याचे सारे रहस्य चालीत आहे. गिटारीवर एक लांब आघात आणि पाठोपाठ दोन आखूड आघात, अशी एक तीन आघातांची आवृत्ती अखंड चालू राहते. ऐकणाऱ्याला तत्काळ टापांचा भास होतो. वस्तुतः मध्यम वेगाने दौडणाऱ्या घोड्याच्या टापा तीन आघातांच्या असतात, आणि घोडा चौखूर उधळला म्हणजे त्या चार होतात. परंतु कानाला दौडीची खूण पटते ती तीन आघातांचीच. युरोपीय संगीतकारांना ही युक्ती जुनी आहे. रोसिनी याने ‘विल्यम टेल’ या १८२९ च्या संगीतिकेच्या आरंभसंगीतात तिच्याशी जवळचे नाते सांगणारी लय वापरली आहे. दोन गिटारी एकच सुरावट थोड्या अंतराने वरखाली ठेवून वाजवतात, त्यामुळे एका घोड्याचे अनेक घोडे होतात. पण याहून मोठे कौशल्य कडव्यांच्या रचनेत आहे. कडवे सुरू होताच वाद्ये थबकतात, आणि रिकाम्या जागेत गायकाचा आवाज एकटा उरतो. ओळ संपली की वाद्ये पुन्हा त्याच्यावर कोसळतात. कोलाहलातील एकटा माणूस शब्दांनी जितका सांगितला आहे, तितकाच तो या मौनाने सांगितला आहे. ध्रुपदाच्या जागी तर शब्दच नाहीत, केवळ आलापासारखा हुंकार आहे. इंग्रजी न समजणारा श्रोताही तेथे सर्वांबरोबर गाऊ शकतो.

येथेच पहिला वाद उपस्थित होतो. शब्द मृत्यूचा शोक करतात आणि चाल मात्र रक्त उसळवते. मग हे गीत युद्धाचे स्तोत्र की युद्धाचा धिक्कार? दोन्ही पक्षांना पुरावे मिळतात. मराठी श्रोत्याला हा पेच अपरिचित नाही. शाहिराच्या डफाची थाप पडली, की पोवाड्यातील मरणही अंगात वीरश्री आणते. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीजवळ प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या सैन्यावर तुटून पडले, आणि सातही जण मारले गेले. लष्करी दृष्टीने पाहता त्यातून काही साधण्याजोगे नव्हते. तरीही कुसुमाग्रजांची त्या प्रसंगावरील कविता, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत लताबाईंनी गाइलेली, ऐकताना कोणी हिशेब मांडीत बसत नाही. तरीही प्रतापरावांचे नाव सर्वतोमुखी आहे; त्या सहा स्वारांची नावे किती जणांना सांगता येतील? ‘द ट्रूपर’ हे त्या सहांपैकी एकाने गायिलेले गाणे आहे असे समजावे, म्हणजे त्याचे वेगळेपण ध्यानी येईल. त्यातील उसळी खोटी नाही, कारण दौडणाऱ्याला ती खरोखरच जाणवलेली असणार. आणि शोकही खोटा नाही, कारण दौड संपल्यावर दुसरे काही उरत नाही.

दुसरा वाद अधिक नाजूक आहे. हे गीत गाताना गायक ब्रूस डिकिन्सन तांबडा लष्करी डगला घालून ब्रिटनचा ध्वज फडकवीत असतो. (बालाक्लाव्हाच्या त्या स्वारांचे डगले बहुतांशी निळे होते, पण रंगमंचाला तांबडा रंग अधिक मानवतो.) तो ध्वज पाहून भारतातील तरुणांनी जयघोष करावा काय? ही शंका केवळ भावनेची नव्हे. बालाक्लाव्हाच्या दौडीत असलेला आठवा हुसार रिसाला पुढे हिंदुस्थानात आला. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा की सराई येथे या रिसाल्याने जी चढाई केली, तिच्यातच झाशीची राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडली. ज्या स्वारासाठी गीत शोक करते, तो त्या दरीतून जिवंत परत आला असता, तर कदाचित चार वर्षांनी राणीवर चालून येणाऱ्यांत असता. हे ठाऊक असलेल्या श्रोत्याला गीत निर्मळ मनाने ऐकणे सोपे जात नाही, आणि ते सोपे जावे असा आग्रहही धरू नये.

परंतु या शंकेचे उत्तर त्याच रस्त्यावर, हेब्बाळच्या वीरगळीत आहे. कित्तय्य ज्यांच्याशी लढताना पडला, त्या रट्टवाडीच्या सैन्याला अभ्यासक राष्ट्रकूटांचे सैन्य मानतात. वेरूळचे कैलास लेणे ज्यांनी कोरविले आणि ज्यांचा अभिमान महाराष्ट्र आजही बाळगतो, तेच हे राष्ट्रकूट. म्हणजे मराठी माणूस त्या शिळेपुढे उभा राहतो तेव्हा तो, एका परीने, शत्रुपक्षाकडून आलेला असतो. तरीही कित्तय्याविषयी त्याच्या मनात आदरच उत्पन्न होतो. आपल्या माणसांनी याला मारले म्हणून कोणी तोंड फिरवीत नाही. कारण वीरगळ राजाचा जय सांगण्यासाठी उभारलेली नसते. गावातील एक माणूस गेला आणि तो अमका होता, एवढे ती सांगते. राज्ये जातात, सीमा पुसल्या जातात, कोण कोणाचा शत्रू हेही विसरले जाते. नाव मात्र दगडावर राहते.

‘द ट्रूपर’मधील बारगिराला नावही नाही. आपण विस्मृतीत जाणार, हेच त्याचे अखेरचे दुःख आहे. त्याच्या सेनापतींची नावे इतिहासात राहिली, राजकवीने त्याच्या तुकडीला कीर्ती दिली, पण त्याला स्वतःला कोणी विचारले नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर लंडनच्या एका वादकाने त्याच्यासाठी चार मिनिटांची शिळा उभी केली, इतकेच. ध्वज रंगमंचापुरता असतो, आणि तो न आवडण्याचा श्रोत्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु शब्दहीन ध्रुपदाच्या वेळी हजारो कंठ एक होतात, तेव्हा ते कोणा साम्राज्याचा जयजयकार करीत नसतात. ज्याच्यासाठी त्या दरीत रडायला कोणी नव्हते, त्याला ते सोबत करीत असतात. हेब्बाळच्या शिळेला आज लोकांनी छत्र दिले आहे. तिच्यापुढे क्षणभर थांबणारा वाटसरूही कित्तय्यासाठी याहून निराळे काही करीत नाही.