जीआरईच्या यादीतले आपले शब्द



आपल्या समाजातील मुले-मुली आता एम.ए., एम.एस्सी. आणि डॉक्टरेटसाठी अमेरिकेतील विद्यापीठांकडे अर्ज करू लागली आहेत. त्यांतल्या पुष्कळांना जीआरई ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. गणिताला ती घाबरत नाहीत, घाबरतात ती इंग्रजी शब्दांना. म्हणून आम्ही चार-पाच घरांनी मिळून शनिवारी रात्री, हवदाला झाली की मुलांना घेऊन बसायचे ठरवले. पहिल्याच दिवशी एका मुलीने वही पुढे केली. 'धर्म' या मथळ्याखाली शब्दांची लांबलचक यादी होती. ती म्हणाली, "आजी, हे सगळे चर्चचे शब्द. माझ्या डोक्यात शिरतच नाहीत."

आम्ही यादी वाचू लागलो आणि आम्हालाच हसू आले. त्यातले कितीतरी शब्द आपल्याच तनाखमधून गेलेले होते. वाटेत ग्रीक, लॅटिन, फ्रेंच असे वेश चढल्यामुळे पोरीला ते ओळखू येत नव्हते, एवढेच.

आधी परीक्षेविषयी थोडे. 2023 च्या सप्टेंबरपासून जीआरई आटोपशीर झाली आहे. सगळा पेपर दोन तासांच्या आत संपतो. भाषेच्या भागात 27 प्रश्न असतात, त्यांना 41 मिनिटे मिळतात आणि गुण 130 ते 170 या मापात दिले जातात. पूर्वी सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी शब्द विचारत. ते 2011 साली बंद झाले. आता शब्द वाक्यात बसवावा लागतो. एका प्रकारात सहा पर्यायांतून असे दोन निवडायचे असतात की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच व्हावा. एक बरोबर आणि एक चूक असेल तर गुण नाही. म्हणजे शब्दाचा नुसता अर्थ पाठ करून भागत नाही, त्याचा सूरही कळावा लागतो. धर्माच्या शब्दांत मुले अडतात ती इथेच.

'जेरेमिआड' घ्या. हा शब्द आपल्या यिर्मेयाहू नबीच्या नावावरून झाला. बिर्ड्याच्या रोजाला, म्हणजे तिशा बेआवला, आपण जमिनीवर बसून एखा वाचतो. तो विलाप यिर्मेयाहूचाच, असे परंपरा सांगते. इंग्रजीत मात्र जेरेमिआड म्हणजे तक्रारींचा लांबलचक पाढा. मराठीत याला 'रडगाणे' हा नेमका शब्द आहे. 'पुढाऱ्याने उपाय एकही सांगितला नाही, तासभर नुसते ---- लावले' अशी रिकामी जागा आली की मुलांना आता रडगाणे आठवते आणि पाठोपाठ जेरेमिआड.

'कबाल' हा शब्द कब्बालावरून आला. कबाला म्हणजे स्वीकारलेले, मिळालेले. इथे दुकानदार आपल्याला पावती देतो तीही कबालाच. आपल्या मराठीतला 'कबूल' अरबीतून आला आणि त्याचे मूळही हेच. पण गूढविद्या म्हटली की परक्यांना संशय येतो. त्यामुळे इंग्रजीत कबाल म्हणजे गुपचूप कारस्थान करणारे टोळके. सूर वाईट.

'बिहेमथ' इयोवच्या पुस्तकातून आला. तिथे तो एक प्रचंड प्राणी आहे, परीक्षेत तो बहुधा एखादी अवाढव्य कंपनी असते. 'फिलिस्टाइन' म्हणजे पेलिश्तीम. जर्मन विद्यार्थ्यांनी गावातल्या अशिक्षित लोकांना हे नाव ठेवले, तेव्हापासून कला-साहित्याची चाड नसलेल्या माणसाला ते चिकटले. 'सॅबॅटिकल' तर उघड आहे, प्राध्यापकांची शब्बातोनची रजा.

एका शब्दावर मात्र आमच्यात वाद झाला. तो शब्द 'फॅरिसेइकल'. फॅरिसी म्हणजे पेरुशीम. आपल्या रब्बींची परंपरा त्यांच्यापासूनच चालत आली. परंतु ख्रिस्ती शुभवर्तमानांत त्यांच्यावर टीका असल्यामुळे इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'ढोंगी, सोवळेपणाचा आव आणणारा' असा झाला. आमच्यातले एक काका म्हणाले, "आपल्या पूर्वजांची निंदा आपणच पाठ करायची का?" आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी असे ठरले की परीक्षेत उत्तर परीक्षेच्या अर्थाने द्यावे, पण तो अर्थ कोणी आणि का लावला हे घरी सांगितल्याशिवाय राहू नये. भारतातून गेलेल्या 'जगरनॉट'चेही असेच आहे. पुरीच्या जगन्नाथाचा रथ परक्यांनी पाहिला, आणि देवाचे नाव वाटेत येईल ते चिरडणाऱ्या शक्तीला पडले.

ग्रीक-लॅटिन मुळाच्या शब्दांनाही आपल्याकडे जोड सापडतात. 'अनाथेमा' हा शब्द तोराच्या जुन्या ग्रीक भाषांतरात 'हेरेम'साठी वापरला आहे. आज त्याचा अर्थ अगदी वर्ज्य, नावही नको असे काही. 'आयकॉनोक्लास्ट' म्हणजे मूर्तिभंजक. वडिलांच्या मूर्ती फोडणाऱ्या अव्राहामाची गोष्ट मुलांना ठाऊकच असते. परीक्षेत तो रूढ मतांवर घाव घालणारा माणूस असतो. 'प्रोफेन' म्हणजे मुळात देवळाबाहेरचे, जे पवित्र नाही ते. हा शब्द समजवायला आम्हाला काहीच कष्ट पडले नाहीत, कारण नुकतीच हवदाला झाली होती. कोदेश आणि होल वेगळे करणे म्हणजेच सेक्रेड आणि प्रोफेन वेगळे करणे.

सूर ओळखण्याचे सोपे उदाहरण म्हणजे 'पायस'. हे खिरीचे पायस नव्हे! याचा अर्थ भाविक. 'डिव्हाउट'ही भाविकच, म्हणून ही जोडी जमते. 'सॅन्क्टिमोनियस' दिसायला यांचा भाऊ, पण तो भोंदू. सहा पर्यायांत हे तिघेही दिसले तर घाई करू नये, वाक्य स्तुतीचे आहे की टोमण्याचे ते आधी पाहावे.

शेवटी 'शिबोलेथ'. हिब्रूत शिबोलेत म्हणजे धान्याचे कणीस. शोफेतीमच्या 12 व्या अध्यायात यिफ्ताहची माणसे यार्देनचा उतार अडवून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द उच्चारायला सांगतात. एफ्राइमच्या लोकांना 'श' म्हणता येत नव्हता, ते 'सिबोलेत' म्हणत आणि तिथेच मारले जात. म्हणून इंग्रजीत शिबोलेथ म्हणजे आपला कोण आणि परका कोण हे ठरवणारी खूण. पुढे 'झिजून गेलेली घोषणा' असाही अर्थ आला.

हा अर्थ आम्ही सांगितला तेव्हा खोलीतली वडीलधारी मंडळी गप्प झाली. 1962 पासून या देशात लग्नाच्या नोंदणीच्या वेळी आपल्या लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी होऊ लागली होती. त्याविरुद्ध आपल्या माणसांना निदर्शने करावी लागली, येरुशलाइममध्ये ठिय्या द्यावा लागला, आणि 1964 साली आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत हे मान्य झाले. मुलांनी हे प्रथमच ऐकले. त्या रात्रीनंतर शिबोलेथचा अर्थ कोणालाही पुन्हा विचारावा लागला नाही.

घरोघरी करता येईल अशी आमची पद्धत सांगतो. वहीत चार रकाने आखायचे. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात हिब्रू मूळ किंवा जवळचा हिब्रू शब्द, तिसऱ्यात मराठी, चौथ्यात सूर - चांगला, वाईट की मधला. हिब्रूचा रकाना मुले भरतात, मराठीचा आजी-आजोबा. दिवसाला पाच शब्द पुरे. शनिवारी मागचे सगळे शब्द वाक्यात घालून विचारायचे. मात्र दिसण्यावर फसू नये: 'जुबिली' आपल्या योवेलपासून आला, पण 'जुबिलंट' लॅटिनमधल्या आनंदाच्या आरोळीतून. 'सॅक्रिलेज'चाही 'रिलिजन'शी संबंध नाही, तो पवित्र वस्तूंच्या चोरीवरून झाला.

ही पद्धत तशी नवी नाही. 1846 साली मुंबईत आणि 1874 साली पुण्यात हिब्रूसोबत मराठी अर्थ देणारे हगादा छापले गेले. आपल्या वाडवडिलांनी धर्माचे शब्द दोन भाषा शेजारी ठेवूनच शिकले. आता शेजारी तिसरी भाषा आली आहे.

ज्यांच्या घरी कोणी ही परीक्षा देत असेल त्यांनी आपल्या आजी-आजोबांना टेबलाशी बसवावे. मुलांना गुण मिळतील, आणि त्या निमित्ताने घरात मराठी बोलली जाईल. नातवंडांना आपली गरज लागते हे कळल्यावर आमच्याकडची दोन आजोबा मंडळी शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसतात.

मुलांना बेहात्सलाखा!