सुरकुती आणि सुई

गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत त्वचेच्या आरोग्यावर बोलून मी खाली बसलो, तेव्हा रिवाजाप्रमाणे श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या. नायटा, खरूज, कोड, केस गळणे असे नेहमीचेच प्रश्न होते. त्यांत वहीच्या पानाचा एक चतकोर तुकडा होता. खाली नाव नव्हते. मजकूर असा : 'मुलीचे लग्न वैशाखात आहे. कपाळावरच्या आठ्या घालवायला इंजेक्शन मिळते म्हणतात. घ्यावे का? काही अपाय होतो का?' चिटणीसांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि सभागृहात हशा पिकला. मीही हसलो, 'लग्न मुलीचे आहे ना?' असे काहीसे बोललो आणि पुढची चिठ्ठी हाती घेतली.

घरी जाताना त्या हसण्याची मला लाज वाटू लागली. नायट्याविषयी विचारणाऱ्याला मी नीट उत्तर दिले होते. या बाईंना मात्र दिले नाही. वास्तविक त्यांचे दोन्ही प्रश्न वैद्यकातलेच होते. मी उत्तर दिले नाही म्हणजे ते कोणी दिलेच नसेल असेही नाही. ज्याला सुई विकावयाची आहे त्याने ते आनंदाने दिले असेल. आजचे व्याख्यान हे त्या चिठ्ठीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे आपण समजावे.

शिवाय रूपाच्या हौसेला वाशीमकरांनी तरी हसू नये. आपले गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. सुमारे अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचा आणि साहित्यविद्येचा विवाह लावला तो याच नगरात, आणि हे नगर मदनाचे क्रीडास्थान आहे असेही तो सांगून गेला. वार्धक्य नकोसे वाटणे हीही आजकालची खोड नव्हे. ययातीने आपले म्हातारपण पुरूला देऊन त्याचे तारुण्य उसने घेतले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. तेव्हा इच्छा जुनीच आहे. नवी आहे ती सुई. ती काय करते आणि काय करीत नाही, एवढेच आज पाहू.

प्रथम सुरकुती म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण सगळ्या सुरकुत्या एका जातीच्या नसतात. पोस्टाचे आंतर्देशीय पत्र आठवा. ते एकदा दुमडले आणि लगेच उलगडले तर घडीची खूण फारशी राहत नाही. पण त्याच रेघेवर शंभरदा दुमडले, तर पत्र सपाट पसरले तरी रेघ दिसतच राहते. कपाळाचे असेच आहे. भुवया जवळ ओढणारे लहान स्नायू दोन्ही बाजूंस आहेत. राग, चिंता, ऊन, बारीक अक्षर, यांपैकी काहीही निमित्त झाले की ते आखडतात आणि वरच्या कातडीला घडी पडते. ही चलनाची सुरकुती. कपाळावरच्या आडव्या आठ्या आणि हसताना डोळ्यांच्या कडेला उमटणाऱ्या रेघा याच वर्गातल्या.

दुसऱ्या जातीची सुरकुती कागदच जुना झाल्यामुळे पडते. आपल्या त्वचेच्या आतल्या थरात कोलॅजेन आणि इलॅस्टिन नावाच्या तंतूंचे विणकाम असते. त्यामुळे कातडी घट्ट राहते आणि ताणली तरी पूर्ववत होते. वयाप्रमाणे हे विणकाम सैल पडते. पण वयापेक्षाही ते अधिक बिघडते उन्हाने. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे तंतू तोडतात. धूम्रपानानेही तसेच होते. सोयाबीनच्या सोंगणीत आणि तुरीच्या निंदणात जिचा जन्म गेला, त्या बाईच्या गालावरची बारीक जाळी आणि जिचा जन्म घरात गेला, तिच्या दंडाच्या आतल्या बाजूची कातडी यांची तुलना करून पाहा. वय तेच, पण कातडी निराळी दिसेल.

आपली सुरकुती कोणत्या जातीची, हे आरशासमोर उभे राहून कोणालाही ओळखता येते. चेहरा अगदी सैल सोडा. रेघ नाहीशी झाली आणि भुवया आवळल्यावरच उमटली, तर ती चलनाची. चेहरा स्वस्थ असतानाही ती राहिली, तर घडी कागदात मुरली आहे. या सुईचा खरा उपयोग पहिल्या प्रकारात. मुरलेली रेघ काहीशी उथळ होते, पण पुसली जाईलच असे नाही. उन्हाने विणलेल्या गालावरच्या जाळीला तिचा फारसा उपयोग नाही. चिठ्ठीच्या उत्तराचा पहिला भाग हा.

आता सुईतल्या औषधाकडे वळू. त्याचे लोकप्रसिद्ध नाव बोटॉक्स. हे एका कंपनीच्या मालाचे नाव आहे. औषधाचे नाव बोट्युलिनम टॉक्सिन. 'बोट्युलस' म्हणजे लॅटिन भाषेत मांसाचे भरलेले आतडे, आणि 'टॉक्सिन' म्हणजे विष. नावात विष आहे आणि ते खरेच विष आहे. मनुष्याला ठाऊक असलेल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक.

त्याचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. जर्मनीतील वुर्टेम्बर्ग प्रांतात असे भरलेले मांस खाऊन लोक मरत. डोळ्यांच्या पापण्या गळत, गिळता येईनासे होई, शेवटी श्वास थांबे. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने १८२० आणि १८२२ साली या रोगाची बारकाईने वर्णने लिहिली. हा गृहस्थ कवीही होता. ज्या विषाने स्नायू थंडावतात त्याचा अत्यल्प अंश, स्नायू अकारण चाळवणाऱ्या रोगांत औषध म्हणून उपयोगी पडेल, असे भाकीत त्याने तेव्हाच करून ठेवले. पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जियममधील एका खेड्यात अंत्ययात्रेला वाजवावयास आलेल्या बँडवाल्यांनी खारवलेले मांस खाल्ले आणि त्यांतील तिघे दगावले. व्हान एरमेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसात हे विष निर्माण करणारा जंतू शोधून काढला.

केर्नरचे भाकीत खरे ठरावयास दीडशे वर्षे लागली. अमेरिकेत सान फ्रान्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे औषध प्रथम माकडांवर आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस माणसांवर वापरले. १९८९ साली अमेरिकन सरकारने तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी त्याला परवानगी दिली. या दुसऱ्या विकाराची कल्पना आपणांस नसेल. रोग्याची दृष्टी शाबूत असते, पण पापण्या इतक्या जोराने आवळतात की तो आंधळ्यासारखा चाचपडत चालतो. अशा माणसाला या सुईने पुन्हा डोळे उघडता येतात. पक्षाघातानंतर ताठरलेला हात सैल करण्यासाठीही हेच औषध वापरतात. म्हणून 'श्रीमंतांचे चोचले' म्हणून या औषधाकडे नाक मुरडू नये.

सुरकुत्यांवरचा गुण ध्यानात आला तो योगायोगाने. कॅनडातील व्हँकुव्हर येथे जीन कॅरुथर्स या नेत्रवैद्य बाई पापण्यांच्या विकारावर ही सुई देत असत. १९८७ साली एका रोगी बाईने तक्रार केली, की या खेपेस तुम्ही भुवयांच्या मध्ये सुई टोचली नाही. तेथे टोचली म्हणजे माझा चेहरा प्रसन्न दिसतो. जीनबाईंचे यजमान ॲलास्टेअर हे त्वचारोगतज्ज्ञ. दोघांनी मिळून अभ्यास केला आणि १९९२ साली तो प्रसिद्ध केला. भुवयांमधील आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत परवानगी मिळाली ती २००२ साली.

हे विष करते तरी काय? मेंदूची आज्ञा मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येते. तंतूच्या टोकाशी एका रसायनाच्या बारीक पिशव्या असतात; आज्ञा आली की पिशवी फुटते, रसायन स्नायूवर पडते आणि स्नायू आखडतो. पिशवी फुटण्यासाठी जे प्रथिन लागते, तेच हे औषध कापून टाकते. पत्र लिहिले, पाकिटात घातले, पण पोस्टातून ते बाहेरच पडेना, असा प्रकार होतो. स्नायू मरत नाही. त्याला निरोप मिळत नाही, म्हणून तो स्वस्थ बसतो. वरची कातडी दुमडली जात नाही आणि घडी दिसेनाशी होते. तीन-चार दिवसांत गुण दिसू लागतो, दोन आठवड्यांत पुरता येतो आणि साधारण तीन ते चार महिन्यांनी निरोप पुन्हा सुरू होतात. मग आठी परत येते. ती पूर्वीपेक्षा वाईट होऊन येते ही समजूत खरी नाही. पूर्वी होती तशीच येते. मात्र गुण हवा असेल तर सुई पुन्हा आणि खर्चही पुन्हा, आणि एका खेपेचा खर्चही हजारांत जातो.

विष असून ते मारीत कसे नाही, असे आपण विचाराल. उत्तर मात्रेत आहे. औषधाच्या बाटलीत त्याचा अंश अब्जांश ग्रॅमच्या हिशेबात असतो आणि तो 'युनिट' या मापाने मोजतात. एका प्रचलित औषधाची भुवयांमधील मात्रा पाच ठिकाणी मिळून २० युनिट अशी ठरलेली आहे. पण निरनिराळ्या कंपन्यांची युनिटे सारखी नसतात. एकीचे माप दुसरीला लावणे म्हणजे पायलीच्या हिशेबाने किलो मोजणे होय.

आता अपाय. डोके दुखणे, टोचल्या जागी काळेनिळे होणे, एक भुवई वर आणि एक खाली राहणे, हे घडते आणि ओसरते. सुई थोडी चुकली तर पापणी गळते. तीही काही आठवड्यांनी पूर्ववत होते. पण ते आठवडे लग्नाचे असले तर फोटोत ती कायम राहील! क्वचित औषध दूरवर पसरून गिळण्यास, बोलण्यास किंवा श्वास घेण्यास त्रास होतो. तसे झाल्यास घटकाभरही न थांबता मोठे रुग्णालय गाठावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, तसेच स्नायू दुर्बळ करणारा मायस्थेनिया हा विकार असणाऱ्यांनी ही सुई घेऊ नये. चालू असलेली सर्व औषधे डॉक्टरांना आधी सांगावी.

याच नावाखाली आणखी एक सुई खपविली जाते. तिला फिलर म्हणतात. ती स्नायू थांबवीत नाही. खळग्यात भर घालते, बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडची. ती चुकून रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरू शकते आणि क्वचित दृष्टीही जाते. म्हणून 'मला कोणती सुई देता?' हा प्रश्न पहिला विचारावा.

दुसरा प्रश्न, 'आपण कोण?' राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सौंदर्योपचारांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा पडद्यावर चित्रफीत पाहून हे उपचार करू लागणे पुरेसे नाही, असे त्यांत सांगितले आहे. अर्थात ब्यूटी पार्लरमध्ये ही सुई घेऊ नये. तिसरा प्रश्न, 'बाटली दाखवाल का?' नाव, मुदत आणि किती युनिटे दिली हे लिहून घ्यावे. आपल्या भागापुरती एक गोष्ट अधिक सांगतो. हे औषध बहुधा २ ते ८ अंश उष्णतेत ठेवावे लागते. वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि वीजही अधूनमधून जाते. औषध कोठून आले, बर्फाच्या पेटीत आले काय, हे विचारण्यात काही उर्मटपणा नाही. मोटारीच्या खणात ठेवून आणलेले औषध स्वस्त मिळाले तरी महागच पडेल.

आणखी एक साधी गोष्ट. चाळिशी उलटलेली पुष्कळ माणसे वर्तमानपत्र हात लांब करून आणि भुवया आवळून वाचतात. त्यांच्या आठीचे खरे औषध चष्मा! उन्हात जाताना पदर किंवा दुपट्टा, छत्री, चेहऱ्याला उन्हाचा मलम आणि तंबाखूचा त्याग, यांनी आजची सुरकुती जाणार नाही. पण उद्याची लांबेल, आणि हे चार महिन्यांनी उतरत नाही.

तर बाई, आपल्या चिठ्ठीचे उत्तर असे. योग्य हातून, योग्य मात्रेत घेतल्यास ही सुई बहुतेकांना अपाय करीत नाही. ती घेणे पाप नाही. न घेणे मागासलेपण नाही. घ्यावयाची तर लग्नाच्या निदान महिनाभर आधी घ्यावी, म्हणजे गुण पुरता येईल आणि काही वाकडे झालेच तर ते सावरावयास अवधी राहील. कर्ज काढून घेऊ नये. मुख्य म्हणजे कोणी हसले म्हणून किंवा कोणी हसेल म्हणून घेऊ नये. ययातीने तारुण्य मागितले ते मुलाजवळ. आपण तर आपल्याच पैशाने आपल्याच कपाळाची चार महिन्यांची विश्रांती मागत होता. त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

ते लग्न होऊन आता वर्ष झाले. आपण काय केलेत, हे मला ठाऊक नाही आणि विचारण्याचा अधिकारही नाही. आपण आज या सभागृहात असाल तर गेल्या वर्षीच्या हसण्याबद्दल क्षमा करावी. आणि श्रोतेहो, यंदाच्या चिठ्ठ्या चिटणीसांनी मोठ्याने न वाचता माझ्या हाती द्याव्या, अशी मी त्यांना विनंती केली आहे. आता त्या येऊ द्याव्या.