ब्लॉक बोअरला देण्याआधी

रिसोड, मालेगाव, कारंजा, मानोरा, वाशीम जिल्ह्यात कुठेही जा, एमएच-३७च्या पाटीची शंभर सीसीची गाडी दिसतेच, आणि तिच्यावर माणसापेक्षा ओझंच जास्त असतं. सोयाबीनच्या मळणीत भुसा आणि धूळ. एअर फिल्टर चोंदला तर इंजिनाला हवा कमी पडते, फाटला तर धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टनच्या रिंगा आणि बोअर दोन्ही खाते. मग किक हलकी लागते, चढावर पिकअप मिळत नाही आणि निकाल लागतो : कॉम्प्रेशन गेलं, बोअर-पिस्टन करावं लागेल. यातलं पहिलं खरं असू शकतं. दुसरं मात्र सिद्ध व्हायचं असतं, आणि ते इंजिन खोलण्याआधीच करता येतं.

दाब रिंगांतून गळतो, तसाच व्हॉल्वमधून आणि हेड गॅस्केटमधूनही गळतो. प्लग सैल असला तरी गळतो. व्हॉल्व आणि त्याची बैठक झिजत गेली की टॅपेटची फट हळूहळू बुजते आणि व्हॉल्व पुरता मिटत नाही. अशा वेळी थंड इंजिनावर फीलर गेजने टॅपेट लावलं की पुष्कळदा काम भागतं. म्हणून सुरुवात तिथून व्हावी. त्यानंतर इंजिन गरम करायचं, प्लग काढून तिथे कॉम्प्रेशन गेज बसवायचं, इग्निशन बंद ठेवायचं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून धरायचा आणि काटा थांबेपर्यंत किक मारायच्या. अ‍ॅक्सिलरेटर बंद राहिला तर हवाच आत जात नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी ठरतं. मग प्लगच्या भोकातून थोडं ऑईल टाकून पुन्हा मोजायचं. आकडा चांगलाच वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व किंवा गॅस्केट तपासावं.

‘थोडं’ म्हणजे किती, इथेच बहुतेक चुकतात. ९७ सीसीच्या, नवाच्या आसपास कॉम्प्रेशन रेशो असलेल्या इंजिनात पिस्टन वर आल्यावर जेमतेम १२ सीसी जागा उरते. तिथे ५ सीसी ऑईल ओतलं तर उरतात ७, आणि रेशो चौदाच्या पुढे जातो. रिंगा ठणठणीत असल्या तरी काटा उसळणार आणि ब्लॉक विनाकारण बोअरला जाणार. एक सीसी पुरे.

जुन्या मिस्त्रीला किकवर पाय ठेवताच कळतं, गेज कशाला, असं कोणी म्हणेल. त्याला कळतं हे मान्य. पण पायाला दाब कमी असल्याचं कळतं, तो कुठून गळतो ते कळत नाही. किकचा जोर दर वेळी सारखा नसतो, हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. म्हणूनच दोन्ही वेळा किक एकाच माणसाने मारावी आणि एकट्या आकड्यापेक्षा फरकावर विसंबावं. निळ्या धुराचा पुरावाही अपुरा, कारण व्हॉल्वचं ऑईल सील कडक झालं तरी धूर निघतो आणि कॉम्प्रेशन शाबूत असतं.

एकदा ब्लॉक बोअर केला की ओव्हरसाइझ पिस्टन आलाच, आणि बोअर वाढवायलाही मर्यादा आहे. तेव्हा ‘इंजिन काढा’ म्हणण्याआधी ऑईल टाकण्यापूर्वीचा आणि नंतरचा, असे दोन्ही आकडे मिस्त्रीकडून कागदावर लिहून घ्या.